तांबड्या अंगरख्याची चौकशी

फोन आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. पलीकडचा आवाज म्हातारा, पण खणखणीत.

"क्यालेंडरातल्या बाई तुमीच का?"

मी म्हटलं, हो, मीच.

"मग मला एवढंच सांगा, गजीची कापडं तांबडी कुणी केली?"

भाजी करपली. आमच्या घरात मी फोनवर बोलायला लागले की काही ना काही करपतंच, कारण मला एका जागी उभं राहून बोलता येत नाही. बोलत बोलत मी अंगणात, तिथून फाटकापर्यंत आणि पुन्हा मागे अशी फिरत असते. आई म्हणायची, पोरीच्या पायाला भिंगरी आहे. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तीही वर्गात येरझारा घालत.

क्यालेंडरचं प्रकरण आधी सांगायला हवं. माझ्या वडिलांचं नाशकात तसबिरींना फ्रेम करायचं दुकान होतं. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत मला अकरा जुनी चित्रं सापडली. शिळाछाप, म्हणजे दगडावर रेखाटून कागदावर उठवलेली आणि मग हातानं एकेक रंगवलेली. विषय आपल्याकडचे नाच आणि पोशाख. कुठे कोळणी, कुठे वाघ्या-मुरळी, कुठे दांडपट्टा फिरवणारे. गेल्या वर्षी एका संस्थेनं त्यांचं क्यालेंडर काढलं. चित्रं अकरा आणि महिने बारा, म्हणून डिसेंबरला संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो छापला. चित्रांखालच्या टिपा माझ्या. आता त्याच चित्रांचं पुस्तक निघत होतं आणि मुखपृष्ठावर एप्रिलचं चित्र जाणार होतं. धनगरांचा गजी नाच, मध्ये ढोल, भोवती गोलात रुमाल उडवणारे चौदा पुरुष, आणि सगळ्यांच्या अंगात तांबडेलाल पायघोळ अंगरखे.

फोनवरचा म्हातारा म्हणजे धुळा तात्या, आटपाडीजवळच्या एका गावातल्या गजी मंडळाचे ढोलवाले. त्यांचं म्हणणं असं, की गजीची कापडं पांढरी असतात. गावातल्या पोरांनी माझं क्यालेंडर बघितलं, जुनं चित्र म्हणजे खरं चित्र असं धरलं, आणि चौदा जणांना तांबडी कापडं शिवून घेतली. येत्या रविवारी बिरोबाची जत्रा होती. तांबड्या कापडात नाच झाला तर आपण ढोल धरणार नाही, असं तात्यांनी गावाला सांगून टाकलं होतं.

"चित्र चुकलं असंल तर येऊन सांगा. बरोबर असंल तरी येऊन सांगा. पर येऊन सांगा," म्हणाले आणि फोन ठेवला.

खरं सांगते, मी निघाले ती तात्यांना खोटं पाडायला. शंभर वर्षांपूर्वीचा कागद माझ्या हातात आणि हे ऐंशी वर्षांचे गृहस्थ मला रंग शिकवणार, याचा मला रागच आला होता. चित्र दोन पुठ्ठ्यांत घातलं, पिशवीत भिंग टाकलं आणि पुण्याची गाडी पकडली.

वाई

वाट वाकडी करून वाईला उतरले त्याला कारण होतं. चित्राच्या मागे पेन्सिलीनं बारीक अक्षरात "सात गज" लिहिलं आहे आणि खाली वाईच्या एका घराचं आडनाव. वडिलांनी चित्र तिथूनच घेतलं असणार. त्या घरात अजून कोण आहे याचा शोध मी फोनवर आधीच लावला होता. एक आप्पा आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले, गणपती घाटाच्या वरच्या आळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात.

मी सकाळी आठला पोचले, तर आप्पांची आंघोळ व्हायची होती. मी घाटावर जाऊन आले. आंघोळ झाली होती, पूजा व्हायची होती. पुन्हा घाटावर गेले. कृष्णेला पाणी बेताचं होतं. पायरीवर एक गुरुजी मोबाईल कानाला लावून कुणाला तरी मुहूर्त सांगत होते आणि दुसऱ्या हातानं पळीनं पाणी सोडायचं काम चालूच होतं. आमच्या रामकुंडावर गुरुजी आधी गाव विचारतात आणि मग वही उघडतात. इथे कुणी काही विचारलं नाही, उलट एका बाईंनी मला जागा धरून ठेवायला सांगितली आणि त्या धुणं आणायला गेल्या. त्या येईपर्यंत मी पाच मिनिटं बसले, म्हणजे माझ्या हिशेबानं फारच.

तिसऱ्या खेपेला आप्पा तयार होते. त्यांनी कपाटातून एक गठ्ठा काढला. गठ्ठ्याला सुतळी, सुतळीला गाठी. मी म्हटलं, कात्री देऊ का. ते म्हणाले, "सुतळी चांगली आहे," आणि एकेक गाठ नखानं सोडवत बसले. माझा जीव टांगणीला लागला होता. सात गाठी मी मोजल्या. आतून जुनी पंचांगं निघाली, कुणाची तरी जन्मपत्रिका निघाली आणि शेवटी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, माझंच चित्र.

माझंच म्हणजे त्याच दगडावरून उठवलेलं. तोच ढोल, तेच चौदा जण, रेघ न् रेघ तीच. पण अंगरखे पांढरे. फक्त फेट्यांवर फिका गुलाबी हात फिरवलेला.

मी पहिल्यांदा वादच घातला, तोही आप्पांशी, ज्यांनी काहीच म्हटलं नव्हतं. म्हटलं, हातानं रंगवलेली चित्रं आहेत, एकानं पांढरे ठेवले असतील, दुसऱ्यानं तांबडे केले असतील. आप्पा म्हणाले, असेल. मग मी मोबाईलवर त्या चित्राचा फोटो घेतला आणि भिंग काढलं. जुन्या कागदावर तपकिरी ठिपके पडतात, तसे माझ्या चित्रावरही आहेत. आजवर ते मी शंभरदा बघितले होते, पण ते रंगाच्या वर आहेत की खाली, हे कधी बघितलं नव्हतं. ठिपके खाली होते. कागद आधी म्हातारा झाला होता आणि तांबडा रंग मागून आला होता.

आणि मग मला पायांखाली सावल्या दिसल्या. आप्पांच्या चित्रात त्या नव्हत्या. माझ्या चित्रात प्रत्येक नाचणाऱ्याच्या टाचेला चिकटून निळसर सावलीचा एक छोटा फराटा होता. तो फराटा मारायला मी सातव्या वर्षी शिकले. दुकानात स्टुलावर बसून वडील लोकांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग भरायचे, आजीचं लुगडं हिरवं, आजोबांचं पागोटं तांबडं, आणि मला म्हणायचे, पायाखाली सावली टाक, नाहीतर माणूस हवेत राहतो.

मी काही बोलायच्या आधी आप्पाच म्हणाले, "तुमचे वडील आले होते ना इथे. मला आठवतंय. हे कपाटातलं नको म्हणाले, भिंतीवरचं द्या. ते तर उन्हानं पार उडून गेलं होतं. म्हणाले, असू द्या, मी ताजं करतो."

ताजं करतो हा दुकानातला त्यांचा रोजचा शब्द होता. फिकं चित्र त्यांना बघवायचं नाही. त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं, विकलंही नव्हतं, आपल्या हातचं काम करून ट्रंकेत ठेवून दिलं होतं. खोटं मी छापलं होतं. तरी त्या क्षणी मला वडिलांचा असा संताप आला की आप्पांच्या सूनबाईंनी पुढे केलेला चहा न घेता मी जिना उतरले. वाईत असा चहा नाकारला तर लोक काय म्हणत असतील कोण जाणे. नाशकात तर बोलणंच टाकतील.

सातारा, आणि चुकून मेढा

रात्री साताऱ्याला स्टँडसमोरच्या लॉजवर राहिले. झोप लागली नाही हे सांगायला नकोच. सकाळी तात्यांसाठी कंदी पेढे घेतले. पेढे घेऊन जायचं आणि वाईट बातमी सांगायची, याची मला दुकानातच लाज वाटली, पण घेतले. मग स्टँडवर जाऊन समोर जी गाडी सुटत होती तिच्यात चढले.

पाऊण तासानं खिडकीबाहेर डोंगर दिसायला लागले. पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, मध्येच वेण्णा नदी, हिरवंगार सगळं. आटपाडीचा मुलूख कोरडा आहे हे शाळेत मीही शिकले होते. शेजारी नाचणीचं गठुडं मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. तिला विचारलं, आटपाडी किती लांब आहे. तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं.

"आटपाडी? आवं, ती उगवतीला ऱ्हायली. तुमी मावळतीला आलासा."

गाडी मेढ्याची होती. पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं. चित्राखालची अक्षरं वाचण्यात जिचं आयुष्य गेलं तिला गाडीवरची पाटी वाचता आली नाही. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, मी दोनदा वरडलो." आख्खी गाडी हसली, मीही हसले. पण मेढ्याच्या स्टँडवर उतरून परतीच्या गाडीची वाट बघत येरझारा घालताना मला पुरतं कळलं होतं. चूकबीक काही नव्हती. मला आटपाडीला जायचंच नव्हतं.

जायचं नव्हतं, कारण मी गेले की अकराच्या अकरा चित्रं संशयात येणार होती. (घरी आल्यावर मी ती तपासली. चारांत सावल्या निघाल्या.) पुस्तक थांबणार होतं. आणि ज्या माणसानं माझ्या हातात पहिला कुंचला दिला त्याला मी चौदा परक्या माणसांसमोर खोटा पाडणार होते. न सांगता परत गेले असते तर कुणाला कळलं असतं? आप्पा गठ्ठ्याला पुन्हा सात गाठी मारून मोकळे झाले असणार.

स्टँडवरच्या एका बाईंनी विचारलं, कुणाची वाट बघताय. मी म्हटलं, कुणाची नाही. त्या म्हणाल्या, मग बसा की. दुपारच्या गाडीनं साताऱ्याला परत आले, तिथून विट्याला मुक्काम केला आणि शनिवारी सकाळी आटपाडी.

आटपाडी

विट्याच्या पुढे झाडं कमी होतात आणि आकाश वाढतं. बाभळी, माळ, मध्येच कालव्याच्या पाण्यावर केलेली डाळिंबाची बाग, आणि पुन्हा माळ. आटपाडीच्या स्टँडवर मला न्यायला सुरेश आला होता. तात्यांचा पुतण्या, वीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून परतलेला, पाठ अजून सरळ. तांबड्या कापडांची कल्पना त्याचीच. मोटारसायकलवर बसल्यावर पहिलं वाक्य बोलला ते, "मॅडम, तुमी आलात, आता फैसला होऊन जाईल."

त्याची खात्री होती की फैसला त्याच्या बाजूनं होणार. एप्रिलचं पान त्यानं फ्रेम करून ग्रामपंचायतीत लावलं होतं.

तात्यांच्या घरी हुलग्याचं माडगं दिलं, गरम, तिखट, वाटीनं प्यायचं. आमच्याकडे हुलगे जनावराला घालतात असं माझ्या तोंडून निघून गेलं. तात्या म्हणाले, आमच्याकडं बी घालतात, म्हणून तर जनावरं पळत्यात. ते बारीक, काळेसावळे, कानात बाळी. कापडांविषयी दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. मी विचारलं, पांढरीच का? तर म्हणाले, पांढरी ती पांढरी.

संध्याकाळी अंगणात तालीम झाली, तांबडे अंगरखे घालून. तात्या बाजूला बसून राहिले, ढोल दुसऱ्या कुणी तरी धरला. आणि काय सांगू, चौदा माणसं एकमेकांच्या घेरात अडकत होती. घेर केवढा, तर तंबू. गिरकी घेतली की कापड उशिरा वळायचं आणि पायात यायचं. दोघं आपटले. मी सुरेशला विचारलं, एवढं कापड कशाला?

"तुमीच लिवलंय की. सात गज." आटपाडीच्या टेलरनं गजाचे मीटर करून, हिशेबानं, प्रत्येकाला तेवढं कापड लावलं होतं.

माझी टीप मला तोंडपाठ होती. "या पोशाखास सात गज कापड लागे." चित्रामागच्या पेन्सिलीवरून मी ती लिहिली होती, आणि 'लागे' असं जुन्या वळणाचं क्रियापद घातल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

तात्या तिथूनच म्हणाले, "बाई, गज म्हंजी कापाड न्हवं. गज म्हंजी खेळ. एक चाल संपली की एक गज झाला. त्या दिशी सात गज खेळलं असतील, म्हणून कुणीतरी लिवलं आसंल."

बाकीचे तेरा जण हसले. सुरेश हसला नाही. तो घेर हातात गोळा करून उभा होता. नंतर मला गल्लीच्या टोकाला, माझ्या मुक्कामाच्या घरापर्यंत सोडायला आला, तेव्हा आपणहून म्हणाला, "एकोणिसाव्या वर्षी भरती झालो, मॅडम. शिकायच्या वयात मी हितं नव्हतो. आता शिकाय गेलं तर तात्या एका चुकीला धा बोलतात. चित्र काय बोलत न्हाई. चित्राकडं बघून शिकता येतं."

मला त्याच वेळी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या की कुत्र्यांनी भुंकायचं सोडून दिलं.

रविवारी दुपारी देवळासमोर माणसं जमली. मेंढरं, पोरंबाळं, भंडारा, नारळ. लिंबाखाली चौदा जण कापडं बदलायच्या तयारीत. तात्या देवळाच्या पायरीवर आपल्या पांढऱ्या अंगरख्यात, ढोलाला पाठ करून बसलेले. सुरेशनं मला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा फौजी आवाजात म्हणाला, मॅडम सांगतील, मग झालं.

मी पुठ्ठा उघडला. वाईच्या आप्पांच्या चित्राचा फोटो मोबाईलवर होता, तो शेजारी धरला. म्हटलं, "हा तांबडा रंग जुना नाही. तो माझ्या वडिलांनी भरलाय, नाशकात, आमच्या दुकानात. त्यांनी गजी कधी बघितली नव्हती. मूळ चित्रात कापडं पांढरी आहेत."

सुरेशनं चित्र हातात घेतलं, मोबाईल घेतला, दोन्ही उन्हात धरून बघितलं.

"तुमाला कवा कळलं?"

"गुरुवारी."

"आज ऐतवार हाय."

मी म्हटलं, "भीती वाटली."

त्यानं चित्र आणि मोबाईल मला परत दिले. मग खांद्यावरचं तांबडं कापड घडी करायला घेतलं. घडी फौजी होती, कोपऱ्याला कोपरा, आणि ती संपेपर्यंत कुणी हललं नाही. मला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तात्या पायरीवरून उठून आले. चित्राकडं बघायच्या आधी माझ्याकडं बघितलं. "बाप जिता हाय का?"

मी म्हटलं, नाही.

"मग त्याला कशापायी बोलायचं. न बघता रंगवलं, एवढंच झालं." मग चित्रावर वाकले आणि बोट सावल्यांवर ठेवलं. "पर ह्यास्नी त्यानं खाली का बांधलंय? गडी उडीत हाय, बाई. पाय भुईला न्हाईत." त्या क्षणी मला वडिलांची इतकी दया आली की डोळे भरून आले, आणि मी ते लपवलं नाही.

पुढची अर्धी घटका नुसती धावपळ. जुनी पांढरी कापडं ट्रंकेत होती, पण आठच. बाकीचे सहा जण घरोघर पळाले. एक जण लग्नातला कुर्ता घालून आला, एकानं शाळेतल्या शिपायाचा सदरा आणला. सुरेशचा अंगरखा त्याच्या आईनं कधीच गोधडीला लावला होता, म्हणून तो बनियनवर तात्यांचं धोतर नेसून उभा राहिला. धोतराला तात्यांनीच गाठ मारून दिली आणि मारताना दहा नाही, बहुतेक वीस बोलले. सुरेश ऐकत होता.

आता हे लिहिताना पुस्तकाची छपाई थांबलेली आहे. संस्थेतल्या एका गृहस्थांनी मला सुचवलं की तांबडं मुखपृष्ठावर उठून दिसतं, राहू द्यावं, कोण बघतंय. कोण बघतंय ते मी त्यांना सांगितलं.

तात्यांनी ढोल गळ्यात अडकवला आणि नाच सुरू झाला. त्याचं वर्णन करायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा पान फाडलं. झांजेला झांज लागते, रुमाल वर जातात, गोल आवळतो आणि सुटतो, आणि ऐंशी वर्षांचा माणूस ढोलासकट गुडघ्यात वाकून पुन्हा वर येतो. एक चाल संपली की क्षणभर थांबायचं आणि लगेच दुसरी. सुरेश दोनदा चुकला, तिसऱ्यांदा तात्यांनी ढोलावरूनच त्याला नजरेनं वळवलं आणि तो बरोबर वळला. मी लिंबाला टेकून बघत होते. येरझारा घालायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

संपल्यावर तात्या सरळ माझ्याकडं आले. धाप लागली होती, छातीचं कापड अंगाला चिकटलं होतं. बोलायच्या आधी त्यांनी अंगरख्याचा खालचा घेर दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर पसरला. गुडघ्यापर्यंत माळाची माती चढली होती, वर भंडारा, बगलेखाली घामानं ओली झालेली तीच माती गडद झालेली. नाचाआधी मी बघितलेलं ते पांढरं कापड ओळखू येत नव्हतं. तांबड्यावर यातलं काहीच दिसलं नसतं.

"कोण किती नाचला ते ह्याच्यावर कळतं," तात्या म्हणाले. "आता ह्यो रंग लिवा."

मी पिशवीतून वही काढली. चित्रकलेची बाई मी, रंगांची नावं सांगण्यात आयुष्य गेलं, पण त्या रंगाचं नाव मला आलं नाही. तात्या घेर धरून उभे होते, माझं लिहून होईपर्यंत. मी लिहिलं, कपडे पांढरे. त्यावरचा रंग नाचताना लागलेला.